१४१० कळवायचे की नाही? : एका प्रवेशाची पूर्ण नोंद

अमेरिकेतल्या पदवी प्रवेशांसाठी मुलांना मदत करणं हे माझं पुण्यातलं काम. दर हंगाम संपला की एखादं प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवते. हे २०२४-२५ सालचं आहे. मुलीचं नाव बदललंय, गाव आणि तिने अर्ज केलेल्या कॉलेजांची नावं गाळली आहेत. ज्या विद्यापीठांची नावं खाली येतील ती त्यांच्या जाहीर धोरणापुरतीच.

प्रश्न एका ओळीचा होता. जिथे एसएटीचे, म्हणजे अमेरिकी पदवी प्रवेशासाठीच्या परीक्षेचे, गुण देणं ऐच्छिक आहे, तिथे सायलीने आपले १६०० पैकी १४१० गुण कळवावेत का? याचा निकाल लावायला आम्हाला ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंतचा वेळ लागला, आणि मधली एक चूक सरळसरळ माझी होती.

पार्श्वभूमी

सायली सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. दहावीपर्यंत मराठी शाळा, सेमी इंग्रजी. म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी सगळं मराठीतून. दहावीला ९४.६० टक्के. वडील भोसरीच्या एमआयडीसीत क्वालिटी विभागात. दहावीनंतर आई आणि ती पुण्याला आल्या आणि तिने ज्युनियर कॉलेजला सायन्स घेतलं. अकरावीला पडले ७१.५० टक्के.

या ७१.५० वर पुढचं सगळं फिरतं, म्हणून इथे जरा थांबते. आपल्याकडे अकरावी कुणी मनावर घेत नाही. दहावीने दमलेली मुलं बारावीच्या धास्तीने क्लासला पळतात, कॉलेजात हजेरीपुरती जातात. पेपर तपासणारेही हात आखडून मार्क देतात, कारण त्या मार्कांवर इथे काहीच ठरत नाही. हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही पालकाला सांगावं लागत नाही. पण ओहायोतल्या किंवा मेनमधल्या प्रवेश कार्यालयात बसून नववी ते अकरावीची गुणपत्रकं बघणाऱ्या माणसाला दिसतं ते एवढंच, की मुलगी दहावीपर्यंत उत्तम होती आणि मग घसरली. बारावीच्या बोर्डाचा निकाल लागतो मे महिन्यात. अमेरिकेचे निर्णय मार्चअखेर होऊन गेलेले असतात.

तिला शिकायचं होतं संख्याशास्त्र, आणि त्यामागे एक खरी गोष्ट होती. आजीकडे दोन म्हशी. डेअरीला दूध घातलं की दर वेळी पावती मिळते: लिटर, फॅट, एसएनएफ, दर. आजी त्या पावत्या स्वयंपाकघरातल्या एका तारेला टोचून ठेवायची. दहावीच्या सुट्टीत सायलीने ती तार उतरवली आणि चौदा महिन्यांच्या पावत्या एक्सेलमध्ये भरल्या. सकाळच्या दुधाला फॅट कमी लागते आणि संध्याकाळच्या दुधाला जास्त, हे आजीला माहीत होतंच. सायलीने बघितलं ते असं, की ६.० च्या खाली फॅट गेली की दर किती तुटतो, आणि आजीच्या किती पावत्या ५.९ वर अडकल्यात. कॉमन ॲपचा (एकाच ठिकाणाहून अनेक कॉलेजांना अर्ज पाठवायच्या पोर्टलचा) मुख्य निबंध तिने त्या तारेवर लिहिला. चांगला लिहिला होता. मी फक्त दोन परिच्छेद कापले.

एसएटी तिने तीनदा दिली. १ जून २०२४ ला १३६०: वाचन-लेखनाच्या भागात ६२०, गणितात ७४०. २४ ऑगस्टला १४१०: ६४० आणि ७७०. ५ ऑक्टोबरला १३९०: ६३० आणि ७६०. म्हणजे दोन्ही भागांतला सर्वोत्तम गुण ऑगस्टचाच. वेगवेगळ्या प्रयत्नांतले चांगले भाग जोडून एकूण वाढवण्याची जी सोय बरीच कॉलेजं देतात, तिचा इथे उपयोग नव्हता. प्रत्येक प्रयत्नाला नऊ हजारांच्या वर खर्च. ऑगस्टला पुण्यातलं केंद्र भरल्यामुळे मुंबईला जाऊन मामाकडे मुक्काम. परीक्षा आता लॅपटॉपवर असते, ‘ब्लूबुक’ नावाचं ॲप टाकून. वडिलांच्या कंपनीच्या लॅपटॉपवर ते टाकायची परवानगी मिळेना, तेव्हा मामाचाच लॅपटॉप घेतला.

अडचण

१४१० हा वाईट आकडा नाही. एसएटी देणाऱ्या नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांच्या वरचा आहे. पण सायलीच्या यादीतल्या कॉलेजांत तो मधल्या पट्ट्याच्या (तिथे प्रवेश घेतलेल्या मुलांपैकी मधल्या निम्म्यांचे गुण ज्यात बसतात त्या) तळाला किंवा तळाखाली पडत होता.

यादीत नऊ कॉलेजं होती. एका सरकारी विद्यापीठात गुण सक्तीचे, म्हणजे तिथे विचार करायचंच काम नाही. एक कॅलिफोर्निया विद्यापीठाचा कॅम्पस. तिथे उलट टोक: ते गुण बघतच नाहीत, पाठवले तरी नाहीत. उरलेली सात ऐच्छिक.

हे ‘ऐच्छिक’ प्रकरण कुठून आलं तेही सांगायला हवं, कारण घरातला निम्मा वाद त्यावरच होता. मेनमधल्या बोडन कॉलेजने १९६९ सालीच गुणांची सक्ती काढली होती, पण ती वेगळी वाट होती. २०२० मध्ये कोविडने परीक्षा केंद्रंच बंद पडली आणि जवळपास सगळ्यांनी एका झटक्यात सक्ती उठवली. पुढे एमआयटीने मार्च २०२२ मध्ये ती परत आणली. २०२४ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेक यांनीही आणली (येलने एसएटी किंवा तिच्यासारख्याच एसीटी परीक्षेच्या जोडीला एपी आणि आयबी या शाळेतल्या वरच्या पातळीच्या अभ्यासक्रमांचेही गुण चालतील अशी मुभा ठेवली). म्हणजे सायली अर्ज भरत होती तेव्हा वारं फिरलेलं होतं. २०२१ मध्ये मिळालेला सल्ला २०२४ ला तसाच लागू करणं धोक्याचं होतं.

आणि नेमका तोच सल्ला घरात होता. सायलीची आत्या न्यू जर्सीत. तिच्या मुलाने २०२०च्या हंगामात १३९० गुण न कळवता एका चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळवला होता. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्याचा आवाज मोठा, आणि माया खरी. “दादा, अजिबात पाठवू नका. त्यांच्या सरासरीच्या खालचा आकडा दिला की फाइल तिथेच बंद. आमच्या पिल्लूने कुठे दिला होता?” वडिलांचं म्हणणं, “गणितात ७७० आहेत ८०० पैकी. ते लपवायचे? लपवण्यासारखं काय आहे त्यात?” आई शाळेत शिक्षिका. ती ग्रुपवर काही लिहायची नाही. मला तिने वेगळा फोन करून विचारलं, “मॅडम, न दिलेले गुण म्हणजे तिथे काय समजतात?”

सगळ्यांत नेमका प्रश्न तोच होता.

समोरचे पर्याय

पहिला, सगळीकडे कळवायचे. दुसरा, सक्ती नसेल तिथे कुठेच नाही. तिसरा, कॉलेजागणिक ठरवायचं. आणि चौथा, अजून एकदा परीक्षा द्यायची.

चौथा लगेच बाद झाला. २ नोव्हेंबरची परीक्षा नेमकी पाडव्याच्या दिवशी, पण अडचण सणाची नव्हती. ऑक्टोबरमध्ये गुण वीसने खाली आले होते, मूल थकलं होतं आणि पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर होती. ७ डिसेंबरची तारीखही होती. पण जानेवारीत प्रिलिम आणि ११ फेब्रुवारीपासून बोर्ड. अकरावीचा खड्डा बारावीच्या मार्कांनीच भरायचा असताना तिला पुन्हा वाचन-लेखनाच्या सरावाला बसवणं मला पटेना.

उरलेल्या तिघांत निवड करायला बहुतेक मार्गदर्शक एक ठोकताळा वापरतात, मीही वापरायचे. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा तक्ता प्रसिद्ध करतात. त्यातल्या सी-९ या भागात प्रवेश घेतलेल्या मुलांपैकी किती टक्क्यांनी एसएटी कळवली आणि त्यांच्या गुणांचा पंचविसावा, पन्नासावा आणि पंचाहत्तरावा पर्सेंटाइल काय, हे दिलेलं असतं (पंचविसावा म्हणजे ज्याच्या खाली पंचवीस टक्के मुलं येतात तो गुण). ठोकताळा असा: मधल्या आकड्याच्या वर असाल तर बिनधास्त कळवा, पंचविसाव्याच्या खाली असाल तर गप्प बसा, मध्ये असाल तर विचार करा.

यात गोम आहे. ऐच्छिक झाल्यापासून कमी गुणांची मुलं कळवतच नाहीत. म्हणून जो तक्ता दिसतो तो आंब्याच्या पेटीच्या वरच्या थरासारखा: बघून वाटतं, सगळी पेटी अशीच. सायलीने ज्या कॉलेजात सर्वांत आधी अर्ज करायचा ठरवलं होतं, ईशान्येकडचं एक छोटं आणि अवघड कॉलेज, तिथला पंचविसावा पर्सेंटाइल १४४० होता, आणि एसएटी कळवणारे निम्म्याहूनही कमी. त्याच कॉलेजचा कोविडआधीचा जुना तक्ता शोधून काढला तेव्हा तोच आकडा जवळजवळ शंभरने खाली होता. कॉलेज तेच होतं. मुलांची तयारी चार वर्षांत शंभर गुणांनी वाढली असेल यावर माझा विश्वास नाही.

दुसरी गोष्ट डार्टमथची. सक्ती परत आणण्याआधी तिथल्या अध्यापकांनी स्वतःच्या अर्जांचा अभ्यास केला होता. त्यात आढळलं की कमी सुविधांतून आलेली बरीच मुलं १४०० च्या घरातले गुण असूनही ते दडवत होती, आणि कळवले असते तर त्यांना फायदा झाला असता. कारण तिथले लोक आकडा एकटा वाचत नाहीत, मूल कुठून आलंय ते बघून वाचतात. अर्थात तो अभ्यास डार्टमथचा आणि तिथल्या अर्जदारांचा. फलटण-कराडकडच्या मुलीला तो जसाच्या तसा लावता येत नाही. पण आईच्या प्रश्नाला थोडंसं उत्तर त्यात होतं: न दिलेल्या गुणांच्या जागी वाचणारा काहीतरी गृहीत धरतोच, आणि अनोळखी शाळेच्या बाबतीत ते फार उदार असेल असं नाही.

आत्याच्या मुलाचं आणि सायलीचं गणित इथेच वेगळं पडतं. तो न्यू जर्सीच्या ज्या सरकारी शाळेत होता तिथून दरवर्षी मुलं त्या कॉलेजात जातात. त्याच्या प्रगतिपुस्तकावर एपी विषयांची रांग होती. त्याची फाइल १३९० शिवायही बोलत होती. त्याच वर्षी माझ्याकडे पुण्यातल्या एका आयबी शाळेचा मुलगा होता, गुण १४२०. त्याला मी दोन ठिकाणी कळवू नको म्हटलं आणि आजही तसंच म्हणेन, कारण आयबीचे अंदाजे गुण तिथे सगळ्यांना वाचता येतात.

सायलीच्या फाइलमध्ये काय होतं? नववीचं प्रगतिपुस्तक पूर्ण मराठीत. ते आणायला वडील रजा टाकून गावी गेले. क्लार्कने कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, नावाची नोंद ताडून बघितली आणि इंग्रजी भाषांतरावर गोल शिक्का मारला. शिक्का इतका ओला की एक मार्क पुसट झाला आणि सगळा कागद पुन्हा करावा लागला. अकरावीचं गुणपत्रक ७१.५० चं. बारावीचे ‘अंदाजे गुण’ द्यायला उपप्राचार्य तयार नव्हते. “अंदाज मी कसा देणार? बोर्डाचा पेपर मी तपासतो का?” त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या कॉलेजातून असा अर्ज पहिल्यांदाच जात होता, समुपदेशक नावाचं पदच तिथे नाही. शेवटी ऑक्टोबरच्या सत्र परीक्षेचे ८४ टक्के त्यांनी लेटरहेडवर दिले.

म्हणजे एका मुलीच्या चार वर्षांच्या अभ्यासाचा पुरावा म्हणून त्या माणसापुढे जाणार होते: एक भाषांतर, एक घसरण, एक सत्र परीक्षा. आणि एक असा आकडा, जो त्याला कुठल्याही खुलाशाशिवाय समजतो. हे आज लिहिताना फार उघड वाटतं. ऑक्टोबरमध्ये मला ते दिसलं नाही.

काय केलं

पहिला निर्णय, १ नोव्हेंबर. ईशान्येच्या त्या कॉलेजला अर्ली डिसिजनचा अर्ज. यात प्रवेश मिळाला आणि मदत पुरेशी असली तर जाणं बंधनकारक असतं. म्हणून हा अर्ज एकच करता येतो आणि त्याला वजन जास्त. आर्थिक मदत मागणाऱ्या परदेशी मुलांना बहुतेक कॉलेजं ती मागणी लक्षात घेऊनच निवडतात, तेव्हा लवकर आणि ठामपणे अर्ज करण्याला अर्थ होता. गुणांबाबत मी ठोकताळ्यावर गेले: १४४० च्या खाली, तर नको. आत्याही तेच म्हणत होती आणि मला बरं वाटलं की ग्रुपवर भांडण होणार नाही. खरं सांगायचं तर या बरं वाटण्याचाही निर्णयात वाटा होता. लक्ष्मीपूजन उरकून रात्री सव्वानऊला सायलीने अर्ज पाठवला. गुण कळवायचे आहेत का, या प्रश्नापुढे ‘नाही’. वडील काही बोलले नाहीत. फटाक्यांच्या आवाजात फोनवर त्यांना ऐकू येत नसावं, असं मी तेव्हा मानून घेतलं.

उरलेल्या सहा ऐच्छिक कॉलेजांबद्दल आमचा बेत कॉलेजागणिक ठरवायचा होता. चार ठिकाणी १४१० मधल्या पट्ट्यात बसत होते, तिथे कळवायचे. दोन ठिकाणी तळाखाली होते, तिथे नाही.

डिसेंबरच्या मध्याला पहिल्या कॉलेजचं उत्तर आलं. नकार नाही, ‘डिफर’. म्हणजे अर्ज नियमित फेरीत पुन्हा बघू. दुसऱ्या दिवशी सायली गणिताच्या सरांना सांगायला गेली. शिफारसपत्र त्यांचं होतं. सरांना वाईट वाटलं. म्हणाले, “अगं, पण मी तर तुझे एसएटीचे ७७० पण ठळक लिहिले होते की पत्रात!”

तिने मला कॉलेजच्या गेटवरूनच फोन केला. मी त्या वेळी भाजी निवडत होते. निवडलेली आणि न निवडलेली मेथी एकत्र करून टाकली.

शिफारसपत्र विद्यार्थ्याने बघायचं नसतं, तो हक्क आपण अर्जात सोडून देतो. म्हणून ते आम्ही वाचलेलं नव्हतं. पण पत्रात गुणांचा उल्लेख करू नका एवढं सांगणं माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं. सरांनी प्रेमाने लिहिलं, त्यांच्या जागी मीही लिहिलं असतं. परिणाम असा की ज्या कॉलेजला आम्ही गुण ‘कळवले नाहीत’, त्याच्या हातात गणिताचे ७७० होते आणि दुसऱ्या भागाची जागा रिकामी. वाचणाऱ्याला त्यातून काय वाटेल? एवढंच, की दुसरा आकडा दाखवण्यासारखा नसणार. ६४० पेक्षा वाईट काहीतरी त्याच्या मनात येणं सहज शक्य होतं. न कळवलेले गुण निर्णयात धरायचे नाहीत असं धोरण असतं हे खरं, पण डोळ्यांनी वाचलेलं पुसता येतं का, मला शंका आहे.

आणि कॉमन ॲपमध्ये शिक्षकाचं पत्र एकदा चढवलं की तेच सगळ्या कॉलेजांना जातं. म्हणजे कळवायचे नाहीत असं ठरवलेल्या त्या दोन ठिकाणीही ७७० जाणारच होते.

दुसरा निर्णय त्यामुळे अर्ध्या तासात झाला, पण या वेळी मी आकड्यांचा तक्ता बाजूला ठेवला आणि तिची सगळी कागदपत्रं जमिनीवर मांडून वाचली, जणू मला महाराष्ट्र बोर्ड म्हणजे काय हेच माहीत नाही. ७१.५० जवळ आले आणि थबकले. त्या आकड्याला उत्तर देणारं फाइलमध्ये दुसरं काय होतं? सत्र परीक्षेचे ८४, तेही तिच्याच कॉलेजने दिलेले. बाहेरून आलेलं, तिला ओळखणाऱ्या कुणी न दिलेलं प्रमाण एकच होतं. ७७० असं सांगत होते की अकरावीला गणित सुटलं नव्हतं. आणि ६४०? दहावीपर्यंत इतिहास-भूगोल मराठीतून शिकलेल्या मुलीचे ते ६४० होते. निबंध, शाळेचं नाव आणि टोफेलचे (इंग्रजीच्या परीक्षेचे) १०६ यांच्या शेजारी ठेवले तर ते मला लाजिरवाणे वाटेनात.

वडिलांना एक परिच्छेद जोडायचा होता: अकरावीला मार्क का कमी पडले, क्लासचं वेळापत्रक, पुण्यात नवीन असणं. मी तो मुलीच्या तोंडून नको म्हटलं. ती सफाई वाटते. त्याऐवजी उपप्राचार्यांना कॉलेजची एक पानी ओळख लिहायला मदत केली. तुकडीत किती मुलं, अकरावीचं मूल्यमापन कसं, अकरावीला वर्गातल्या सर्वोच्च मुलाचे टक्के किती. तो शेवटचा आकडा होता ७९. म्हणजे ७१.५० वरच्या फळीतलेच निघाले. हे पान जूनमध्ये तयार व्हायला हवं होतं. समुपदेशकाच्या जागी ते पान उपप्राचार्यांनीच चढवायचं होतं, आणि लॉगिनची लिंक ऑफिसच्या ज्या मेलवर आली होती तिचा पासवर्ड रजेवर गेलेल्या क्लार्ककडे. त्यात चार दिवस गेले.

सहाही कॉलेजांना १४१० कळवले. डिफर केलेल्या कॉलेजला सायलीने स्वतः मेल लिहून विचारलं, की सुरुवातीला गुण दिले नव्हते, आता जोडता येतील का. उत्तर दोन दिवसांत आलं: चालेल, अमुक तारखेच्या आत. गुण, सत्राचे मार्क आणि ते एक पान असं तिन्ही जोडून पाठवलं. आत्याला आईने फोन केला आणि पहिल्यांदाच ठाम बोलली: “वन्सं, तिकडच्या शाळेला सगळे ओळखतात. आमच्या शाळेला कोण ओळखतं?”

निकाल

सक्तीवाल्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला, मदत शून्य. वर्षाचा खर्च घराच्या आवाक्याच्या दुप्पट, म्हणून सोडला. कॅलिफोर्नियाचा नकार. डिफर केलेल्या ईशान्येच्या कॉलेजने मार्चमध्ये प्रतीक्षा यादीत टाकलं, पुढे तीही हलली नाही. सहांपैकी तीन नकार, आणखी एक प्रतीक्षा यादी, दोन प्रवेश.

त्या दोनांतला एक अशा कॉलेजचा, जिथे आम्ही आधी गुण कळवणार नव्हतो. पैसे मात्र कमी दिले. दुसरा मिडवेस्टमधल्या एका छोट्या कॉलेजचा, आणि मदत अशी की घरच्यांना वर्षाला साधारण २४ हजार डॉलर, म्हणजे वीस-साडेवीस लाख, भरावे लागतील. बँकेचं कर्ज काढून ते जमणारं होतं. सायली तिथेच गेली.

त्या कॉलेजच्या स्वीकृतिपत्राच्या तळाला प्रवेश अधिकाऱ्याने हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या. पावत्यांच्या तारेबद्दल. आजींना आमचा नमस्कार सांग, अशा अर्थाचं. १४१० बद्दल अवाक्षर नाही.

म्हणून गुण कळवल्यामुळे प्रवेश मिळाला असं मी म्हणू शकत नाही. नोव्हेंबरमध्ये न कळवल्यामुळे पहिलं कॉलेज हुकलं असंही नाही; तिथे मदत मागणाऱ्या परदेशी मुलांच्या जागाच मूठभर असतात. प्रवेश कार्यालयं कारणं देत नाहीत. एका मुलीच्या नऊ निकालांवरून नियम काढणारे मार्गदर्शक मी पाहिलेत, त्यांची फी माझ्यापेक्षा जास्त असते.

बोर्डात तिला ८८ टक्के पडले. मेअखेरीस अमेरिकी वकिलातींनी विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणं तात्पुरतं थांबवलं तेव्हा घर पुन्हा तीन आठवडे जागं होतं, पण तिची वेळ आधीच मिळालेली होती. ती वेगळी कथा.

आता काय वेगळं करेन

ठोकताळा मी टाकून दिलेला नाही, त्याचा क्रम बदललाय. आधी नववी ते अकरावीची गुणपत्रकं बघते आणि विचारते, हे परक्या माणसाला वाचता येईल का? येत असेल, तर सी-९ चा तक्ता काढून पंचविसावा-पन्नासावा करत बसायला हरकत नाही. येत नसेल, तर तळाखालचा आकडाही कळवण्याकडे माझा कल असतो. किती खाली चालेल याला माझ्याकडे सूत्र नाही. १२५० असते तर मी काय केलं असतं? बहुधा कळवले नसते. १३४०? तिथे मला झोप लागली नसती.

तिसरा प्रयत्न मी टाळला असता. ऑगस्टनंतर जे सहा आठवडे सरावात गेले ते सत्र परीक्षेला दिले असते, तर ८४ च्या जागी कदाचित ८८ लेटरहेडवर गेले असते आणि त्यांचं वजन वीस गुणांच्या आशेपेक्षा नक्कीच जास्त होतं. नातेवाइकांचा अनुभव ऐकताना आता मी वर्ष आणि शाळा दोन्ही विचारते. आणि धोरण दर ऑगस्टला कॉलेजच्या स्वतःच्या पानावर बघते, कारण ते पायाखाली सरकतंय: कॉर्नेल, स्टॅनफर्ड, जॉन्स हॉपकिन्स यांनी २०२६ च्या प्रवेशापासून सक्ती आणली, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केली, प्रिन्स्टनने २०२७-२८ च्या हंगामापासून. प्रिन्स्टनच्या त्या घोषणेनंतर आयव्ही लीगमध्ये (ईशान्य अमेरिकेतल्या आठ नामांकित विद्यापीठांच्या गटात) ऐच्छिक राहण्यावर ठाम असलेलं कोलंबिया एकटं उरलं.

राहिलं शिफारसपत्र. त्यासाठी मी अर्ध्या पानाची मराठी चिठ्ठी केली आहे, जुलैमध्येच मुलांच्या हाती शिक्षकांना देते: वर्गात मूल कसं आहे ते लिहा, परीक्षेचे आकडे आमच्यावर सोडा. सायलीच्या सरांकडे यंदा दुसऱ्या एका मुलाचं पत्र आहे. परवा त्यांचा फोन आला. “मॅडम, चिठ्ठी मिळाली. पण पोराला गणितात ७९० आहेत हो. एवढं तरी लिहू का?”